विमानाचे डावे दार

"अखेरच्या काळात मेस्तांचा हात पूर्वीसारखा राहिला नव्हता. त्यांनी बसवलेले चाकाचे डावे झाकण भर उड्डाणात निखळून पडले व पुढे त्याचा पत्ता लागला नाही. तरीही डॉक्टरांनी प्रसंगावधान राखून विमान सुखरूप उतरवले."

आमच्या विमानवेड्या मंडळाच्या स्मरणिकेत हा मजकूर छापून आला आहे. पहिले वाक्य खोटे आहे. दुसरे अर्धे खोटे आहे. तिसऱ्यातला 'तरीही' हा शब्द खोटा असून त्या जागी 'म्हणूनच' हवे होते. मी संपादकांकडे रीतसर दुरुस्ती पाठवली. जागेअभावी ती घेता आली नाही, असे त्यांनी कळवले. त्याच अंकात डॉक्टरांची चार छायाचित्रे आहेत. त्यांपैकी एकात ते नुसते आकाशाकडे पाहत आहेत. आकाशाला जागा मिळाली, मला मिळाली नाही. म्हणून हे स्वतंत्रपणे लिहावे लागत आहे.

गोव्यातल्या पेडण्याच्या बसस्टँडवर ज्यांनी कधी बसची वाट पाहिली आहे, त्यांनी मेस्तांना, म्हणजे आमच्या सुतार-मिस्त्र्यांना, नक्की पाहिले असेल. रस्त्याच्या कडेला पत्र्याची एक शेड, शेडच्या तोंडाशी लाकडी स्टूल, स्टुलावर एक किडकिडीत गृहस्थ आणि त्यांचे डोळे मिटलेले. तुम्हाला वाटले असेल, म्हातारा पेंगतो आहे. तो पेंगत नव्हता, ऐकत होता. म्हापशाहून बस यायची, खड्ड्यात आदळायची आणि तिच्या डिकीचे दार खडखडायचे. डोळे न उघडता मेस्त म्हणायचे, "ता माझा न्हय." दुसरी बस यायची, त्याच खड्ड्यात आदळायची आणि तिचे दार गप्प राहायचे. मेस्त तेवढ्यापुरता एक डोळा उघडायचे. "ह्या माझा."

खासगी बसगाड्यांच्या बॉड्या बांधण्यात त्यांचे आयुष्य गेले. छत, खिडक्या, बाके हे सारे इतरांनीही केले असेल. दारे मात्र त्यांचीच. 'माझा दार पडूक नाय,' हे वाक्य त्यांच्या तोंडून मी इतक्या वेळा ऐकले आहे, की त्याची मला चीड यायची. ती फुशारकी नव्हती, साधी माहिती होती, हे कळायला मला बरीच वर्षे लागली. मी स्वतः बत्तीस वर्षे खाणीच्या वर्कशॉपमध्ये फोरमन होतो. दुसऱ्याच्या कामाला चांगले म्हणण्याची मला सवय नाही. एवढ्यावरून माझ्या साक्षीची किंमत ठरवावी.

काही लोक सांगतात, की मेस्त तरुणपणी विमानाच्या कारखान्यात होते आणि तिथे शिकले. साफ चूक. डॉक्टरांचे विमान शेडमध्ये येईपर्यंत त्यांनी विमान पाहिले होते ते खालूनच, आणि तेही मान दुखते म्हणून अर्धवट.

हे डॉक्टर म्हणजे आमच्या डिचोलीचे दातांचे डॉक्टर. माणूस वाईट नाही. माझी दाढ त्यांनीच काढली, आणि योग्य तीच काढली. त्यांना रेडिओवर उडणाऱ्या विमानांचा नाद. आधी पंख्याची विमाने होती, मग त्यांनी जेट मागवले. लांबी साडेपाच फूट, अंग फायबरचे, रंग चांदीचा, आणि पोटात रॉकेलवर चालणारे चिमुकले पण खरेखुरे जेट इंजिन. उडाल्यावर चाके पोटात जायची आणि त्यावर झाकणे लागायची. ती झाकणे कापून, बिजागरीवर बसवून, चाकांच्या हालचालीशी जुळवण्याचे काम मालकाने स्वतः करायचे असते. डॉक्टरांनी ते दात कोरायच्या यंत्राने केले. झाकणाभोवतालची फट एका बाजूला सुतळीएवढी, तर दुसऱ्या बाजूला बोट जाईल एवढी झाली. तेव्हा मीच त्यांना मेस्तांकडे घेऊन गेलो. हे श्रेय स्मरणिकेत दुसऱ्याच्या नावावर आहे. असो.

मेस्तांनी विमान उलटे करून पोट पाहिले आणि दोन्ही फटींवरून अंगठा फिरवला. शेवटी म्हणाले, "दोतोर, दातातलो बुराक आनी दाराची फट एक न्हय."

"झाकण आहे हो ते, मेस्त. दार कसलं?"

"उघाडता आनी लागता ता दार," मेस्त म्हणाले. विषय संपला. त्या दिवसापासून आम्हीही दारच म्हणू लागलो.

आता फटीविषयी. स्मरणिकेत कुणीतरी लिहिले आहे, की मेस्त 'सूक्ष्म मापनयंत्रे' वापरीत. त्यांच्याकडे एकच सूक्ष्म मापनयंत्र होते, आणि ते त्यांना अख्खा तालुका घरपोच देत असे: लग्नाच्या पत्रिका. पत्रिका आली, की मेस्त वधूवरांची नावे वाचण्याआधी ती अंगठा आणि तर्जनी यांमध्ये धरून चोळायचे. पातळ असेल तर म्हणायचे, "बारीक कामाची." जाड असेल तर, "डिकीची." दाराच्या चारी बाजूंना एकाच पत्रिकेच्या पट्ट्या खोचायच्या, बिजागरीच्या सळईला खोबरेल लावायचे, म्हणजे डिंक आत शिरून ती धरत नाही, मग डिंक भरायचा, कपड्यांचे चिमटे लावायचे आणि उंडा, म्हणजे आमच्याकडचा गोल पाव, चहात बुडवून खात बसायचे. दुसऱ्या दिवशी पट्ट्या काढल्या, की चारी बाजूंना केसाचाही फरक नसलेली फट. मग विमानाच्या पोटात टॉर्च लावायचा. दाराभोवती उजेडाची सारखी रेघ उमटली, की मेस्त दारावर अंगठा टेकवून कान जवळ नेत. 'टक्' असा एकच आवाज यायला हवा. दोन आवाज आले, तर दार वाकडे. एक आला, की ते मान वर करून म्हणत, "दार लागला, की दार नाय असा दिसूक जाय."

डॉक्टरांच्या विमानाची दोन्ही दारे तशी दिसेनाशी झाली. वर्षभर विमान उडत राहिले. बंद पडलेल्या एका खाणीचा सपाट, डांबरी प्लॉट आम्हाला परवानगीने मिळाला होता. पूर्वी त्यावर खनिजाचे ढीग असत, आता आम्ही असतो. रविवारी सकाळी मी लाटंबार्सेहून, मेस्त पेडण्याहून आणि डॉक्टर डिचोलीहून तिथे जमायचो. आग विझवायचे लाल सिलिंडर घेऊन धावपट्टीच्या सर्वांत जवळ उभे राहायचे काम माझ्याकडे असे. हे लक्षात ठेवावे. त्या रविवारी काय पडले, हे सर्वांत जवळून पाहणारा माणूस मी होतो.

त्या रविवारच्या महिनाभर आधी विमान जरा जोरात टेकले. डॉक्टर म्हणतात, वारा फिरला. मी तिथेच होतो, वारा नव्हता. डावे दार मोडले. मेस्तांनी फायबरचे नवे दार घडवले, रंगवले आणि बसवण्याआधी सवयीप्रमाणे चाकाच्या पायाला, म्हणजे चाक ज्या दांड्यावर असते त्याला, ओळंबा लावला. पाय तांदळाच्या दाण्याएवढा आत वाकला होता.

"दोतोर, पाय वाकलो आसा," मेस्त म्हणाले. "दार बसतला. पण चाक खाली येताना दारार अडकतला. नवो पाय मागवा."

"मागवलाय. यायला दोन महिने लागतील. तोवर मी सरळ करतो की!"

डॉक्टरांनी तो आपल्या हत्याराने सरळ केला. मेस्तांनी पुन्हा ओळंबा लावला. "दाणो तसोच आसा," ते म्हणाले.

"मेस्त, तुमचा ओळंबा म्हातारा झाला! पाय सरळ आहे."

"दात म्हणान बघलास तर सरळ आसा. पाय म्हणान बघा."

एरवी डॉक्टर हसले असते. त्या दिवशी हसले नाहीत, कारण त्यांच्या मुलीचे लग्न ठरले होते. पत्रिका वाटल्या गेल्या होत्या आणि बेळगावचे व्याही त्याच रविवारी सहकुटुंब विमान पाहायला येणार होते. व्याही लष्करातून निवृत्त झालेले, मिशा वळवणारे, कमी बोलणारे. पहिल्या भेटीत त्यांनी डॉक्टरांना विचारले होते, "म्हणजे खेळण्यातलं विमान का?" तो शब्द डॉक्टरांना दातातल्या कणासारखा टोचत होता. मुलीच्या सासऱ्यासमोर ते विमान उडणार आणि नीट उतरणारच होते. त्यात दुसरा विचार नव्हता.

"मग दार लावू नका," मी म्हणालो. "भोक उघडे ठेवून उडवा."

"व्याह्यांसमोर? फाटकी चड्डी घालून जाऊ का मांडवात?" डॉक्टर कडाडले. मग मेस्तांकडे वळून जरा मऊ आवाजात म्हणाले, "मेस्त, एवढं एक दार. तुमच्या हातचं काम आहे, काही होणार नाही."

मेस्तांच्या बाकावर डॉक्टरांच्या मुलीची पत्रिका पडली होती. असली जाड पत्रिका पेडण्यात पूर्वी आली नव्हती. उठावाची सोनेरी अक्षरे, साय धरावी तसा कागद. मेस्तांनी ती उचलली, अंगठ्याने चोळली आणि म्हणाले, "बरा. आयतवारी दार दिसतला."

'बसतला' म्हणाले नाहीत. 'दिसतला' म्हणाले. मी तेव्हा तिकडे लक्ष दिले नाही, याची मला अजून लाज वाटते.

रविवार उजाडला. काजूचा हंगाम होता, प्लॉटपर्यंत पिकल्या बोंडांचा वास येत होता. व्याही आले, त्यांची पत्नी आली, डॉक्टरांची मुलगी गॉगल लावून आली. मेस्तांनी विमान शेडमधून थेट आणले आणि स्वतःच धावपट्टीवर ठेवले. दोन्ही दारे जागेवर. विमानाच्या पोटाखाली वाकून पाहण्याचे डॉक्टरांचे वय आणि पोट दोन्ही नव्हते. त्यांनी वरून रंग पाहिला आणि ते खूश झाले.

नव्या दाराचे पहिले उड्डाण म्हणून मेस्तांनी नारळ ठेवला आणि गाऱ्हाणे घातले. आमच्याकडे विहीर खणा, ट्रक घ्या नाहीतर जेट उडवा, गाऱ्हाण्यावाचून सुरुवात नाही.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही.

"ह्या दोतोराचा विमान आज आकाशात जाता आसा. जसा वर नेतलंस, तसाच सुखरूप खाली हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात आता व्याह्यांचा लष्करी आवाजही मिसळला.

"आनी जा काय पडाचा आसा, ता कोणाच्या टकलेर पडा नये रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळे हसले. मीही हसलो. आज विचारतो: काही पडणार आहे, हे ज्याला आधी ठाऊक होते आणि ज्याने ते देवाच्या कानावरही घातले, त्याचा हात थरथरत होता म्हणून ते पडले काय?

विमान उडाले. चाके आत गेली, दारे लागली, आणि दारे नाहीतच असे पोट चांदीसारखे चमकत आमच्या डोक्यावरून गेले. डॉक्टरांनी त्याला कोलांटी मारायला लावली. व्याह्यांनी मिशीवरचा हात काढला. बोंडे वेचणाऱ्या दोन बाया कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या. ते विमान खेळण्यातले आहे असे म्हणण्याची त्या वेळी कुणाचीच हिंमत झाली नसती.

मग उतरण्याची वेळ आली. चाके खाली आली. उजवे झटकन आले. डावे निम्म्यावर थांबले.

मी सिलिंडरची पिन काढली. मेस्त माझ्या मागे दहा पावलांवर होते. मी वळून पाहिले, तर ते विमानाकडे पाहत नव्हते. डोळे मिटून स्टुलावर बसल्यासारखे उभे होते. ऐकत होते.

क्षणभरच. डाव्या चाकाने दाराला रेटा दिला, काहीतरी चंदेरी सुटले आणि चाक सरळ होऊन जागेवर बसले. विमान टेकले, धावले, थांबले. टाळ्या पडल्या. व्याह्यांनी डॉक्टरांची पाठ अशी थोपटली, की रिमोट हातातून पडता पडता राहिला.

पण ते सुटलेले चंदेरी सगळ्यांनीच पाहिले होते. बत्तीस वर्षांत मी उंचावरून नट पडताना पाहिले, स्पॅनर पडताना पाहिले, एकदा अख्खा बंपर पडताना पाहिला. फायबरचे दार पडते ते सरळ पडते. हे दार गिरक्या घेत, दम खात, सावकाश खाली आले, जणू त्याला कुठे जायची घाई नव्हती. ते धावपट्टीच्या पलीकडे गवतात उतरले. सिलिंडर घेऊन मी तिकडे गेलो, ते पाहिले, आणि दुसऱ्या कुणी येण्याआधी खिशात घातले. स्मरणिकाकारांना त्याचा पत्ता लागला नाही, कारण त्यांनी मला विचारले नाही.

मी परत आलो तेव्हा व्याही विचारत होते, "ते काय पडलं हो?"

डॉक्टर एकदम लाल झाले. मग म्हणाले, "दार. आमचे मेस्त आता थकले. हात पूर्वीसारखा नाही राहिला त्यांचा."

सगळ्यांनी मेस्तांकडे पाहिले. माझ्या खिशात उत्तर होते, आणि मी तोंड उघडले. मेस्तांनी माझ्याकडे पाहून, दुसऱ्या कुणाला दिसणार नाही अशी, नकारार्थी मान हलवली. मग डॉक्टरांना म्हणाले, "व्हय, दोतोर. माझा दार पडला."

वाचकहो, ज्या माणसाने जन्मभर एकच वाक्य सांभाळले, त्याने ते असे सर्वांदेखत खाली ठेवून दिले. नारळाची शकले वाटून झाल्यावर तो माझ्या स्कूटरवर मागे येऊन बसला.

इब्रामपूरच्या चढापर्यंत मी कसाबसा धीर धरला. मग राहवले नाही.

"खरा दार खंय आसा?"

"बिस्कुटाच्या डब्यात."

"आनी तू म्हणतंस माझा दार पडला! माणसांच्या म्होरे?"

"मगे काय सांगू?" मेस्त मागून म्हणाले. "पाय वाकलो, सांगूनय दोतोरान आयकला नाय, असा? व्याही तेंचो आयलो होतो, फोरमन. माझो न्हय."

"तुझा नाव गेला, त्याचा काय?"

"माका वळखता तो वळखता. नाय वळखता तेका सांगान काय उपेग?" मग थोड्या वेळाने म्हणाले, "लग्न होईसर गप रव. आनी खड्डो चुकय रे, तुझ्या डिकीचो आवाज येता."

आला होता खरा. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या स्कूटरची डिकी दुरुस्त केली.

मे महिन्यात लग्न झाले. मेस्त मांडवात पहिल्या पंगतीला बसले. व्याह्यांनी त्यांना ओळखून नमस्कार केला. जूनमध्ये विमानाचा नवा पाय आला. मेस्तांनी ओळंबा लावला, मान डोलावली, बिस्किटांच्या डब्यातून तेच दार काढले, भोके पाडली आणि बसवले. टक्. एकच आवाज. डॉक्टरांनी फटीवरून बोट फिरवले आणि म्हणाले, "वा, मेस्त! हे नवं दार आधीच्यापेक्षा छान बसलं."

"व्हय," मेस्त म्हणाले. "ह्या बरा आसा."

ते हसले नाहीत. मला बाहेर जावे लागले. ते त्यांचे अखेरचे दार. आजही त्या विमानावर आहे आणि आजही पडलेले नाही. स्मरणिकेने 'अखेरच्या काळात'ले म्हणून ज्याची बदनामी केली आहे, ते दार भलतेच आहे.

गेल्या चतुर्थीच्या आधी मेस्त गेले. सकाळी चहा घेतला, उंडा बुडवला आणि तसेच बसून राहिले. शेड आता बंद असते, स्टूल कुणीतरी आत ठेवले आहे. परवा मी पेडण्याच्या स्टँडवर उभा होतो. म्हापशाची बस आली, खड्ड्यात आदळली आणि तिच्या दाराने हूं की चूं केले नाही. मी सवयीने वळलो आणि मोठ्याने विचारले, "ह्या तुझा मा रे?" शेजारची बाई पिशवी घेऊन लांब सरकली.

लग्न होईपर्यंत गप्प राहण्याचे मी कबूल केले होते, ते पाळले. नंतर दोनदा बोलू पाहिले, तर मेस्त म्हणाले, "आता कित्याक?" ते होते तोवर त्यांचे ऐकले. आता ते नाहीत आणि छापील खोटे आहे, म्हणून आता. डॉक्टरांशी माझे वैर नाही. सत्य कळल्यावर ते माझी दुसरी दाढही नीटच काढतील, असा मला विश्वास आहे.

तेव्हा वाद संपवतो. त्या रविवारी आकाशातून जे पडले, ते माझ्या टेबलाच्या खणात आहे, कुणीही येऊन पाहावे. एका कडेला कापडी चिकटपट्टी. एका अंगाला चांदीचा रंग, बोटाचा ठसाही नाही इतका सफाईचा. आणि उलट्या अंगाला, डॉक्टरांच्या मुलीच्या नावाखाली, उठावाच्या सोनेरी अक्षरांत छापले आहे: 'कृपया आहेर आणू नये.'